अणूंचा हिशेब : डाल्टनपासून कॅनिझारोपर्यंत

पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु आणि ऑक्सिजनचा एक अणु असतो, ही गोष्ट आज माध्यमिक शाळेंतील विद्यार्थ्यालाहि तोंडपाठ असते. आणि तोंडपाठ असते म्हणूनच तिच्याविषयीं प्रश्न विचारावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं. दोनच कां? एक कां नव्हे, किंवा चार कां नव्हेत? डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंची मोजदाद कोणीं आणि कशी केली? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत या साध्या प्रश्नाला युरोपांतील श्रेष्ठ रसायनशास्त्रज्ञांना एकमुखानें उत्तर देतां येत नव्हतें. एका विद्यापीठांत पाण्याचें सूत्र एक लिहीत, तर दुसऱ्यांत दुसरें. याहून नवलाची गोष्ट अशी कीं, या कोड्याचें उत्तर १८११ सालींच छापून प्रसिद्ध झालेलें होतें. जवळजवळ पन्नास वर्षें तें ग्रंथालयांत पडून राहिलें. कांहींनीं तें वाचलेंहि होतें, पण स्वीकारलें नाहीं. सत्य हाताशीं असून विद्वानांना तें घेतां येऊं नये, हें कसें घडलें? आणि अखेर तें कशाच्या बळावर मान्य झालें? प्रस्तुत लेखांत या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

अणूची कल्पना जुनी आहे. आपल्याकडे वैशेषिक दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या परंपरेनें, पदार्थाचे भाग करीत गेलें असतां शेवटीं ज्याचा भाग होऊं शकत नाहीं असा नित्य कण उरतो, त्याला परमाणु म्हटलें. दोन परमाणूंचें एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचें एक त्र्यणुक, आणि झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेंत तरंगणारा धुळीचा कण हा त्र्यणुकाएवढा, अशी व्यवस्था त्या दर्शनानें लाविली. ग्रीसमध्यें ल्युसिपस व डिमॉक्रिटस यांनीं ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत अशाच प्रकारचा विचार मांडला होता. या विचारांची योग्यता कमी लेखण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु त्यांचा प्रश्न विभागणीचा होता : वस्तु किती वेळां विभागतां येईल आणि विभागणी कोठें थांबेल? एका परमाणूचें वजन दुसऱ्या जातीच्या परमाणूच्या किती पट, हें काढण्याचें साधनहि तेथें नव्हतें आणि प्रयोजनहि नव्हतें. रसायनशास्त्राचा अणु जन्मला तो या दुसऱ्या प्रश्नांतून. आणि तो प्रश्न विचारण्यापूर्वीं तराजूला शास्त्रांत मानाचें स्थान मिळावें लागलें.

तें स्थान मुख्यतः फ्रान्सच्या लाव्हाझिएनें दिलें. तराजू पूर्वींहि रसायनशाळांत होता; परंतु वादांत शेवटचा शब्द त्याचा, ही शिस्त लाव्हाझिएनें लाविली. १७८९ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तेहतीस मूलद्रव्यांची यादी होती, आणि प्रयोगाच्या आधीं जितकें वजन तितकेंच प्रयोगानंतर असलें पाहिजे हें तत्त्व त्या ग्रंथाचा पायाच होतें. पुढें राज्यक्रांतीच्या धामधुमींत, ८ मे १७९४ रोजीं, त्याचा शिरच्छेद झाला. पण तराजू मागें उरला. माद्रिदमध्यें काम करणाऱ्या प्रूस्त या फ्रेंच रसायनज्ञानें त्याच तराजूनें दाखविलें कीं, तांब्याचें कार्बोनेट खाणींतून काढलेलें असो वा प्रयोगशाळेंत बनविलेलें असो, त्यांतील घटकांचें प्रमाण ठराविकच असतें. आमटींत मीठ कमीअधिक घालतां येतें, कारण तें मिश्रण आहे. संयुगांत मात्र निसर्ग चिमूटभरहि फेरफार चालूं देत नाहीं. बर्थोलेसारख्या मोठ्या अधिकारी पुरुषानें याला कित्येक वर्षें विरोध केला, पण अखेर प्रूस्तचाच पक्ष टिकला. हें प्रमाण ठराविक असतें खरें, पण तें तसें कां असावें, याचें उत्तर मात्र प्रूस्तजवळहि नव्हतें.

तें उत्तर देणारा जॉन डाल्टन हा १७६६ सालीं इंग्लंडच्या वायव्य भागांतील ईगल्सफील्ड नांवाच्या खेड्यांत एका विणकराच्या घरीं जन्मला. घराणें क्वेकर पंथाचें. त्या पंथाच्या लोकांना ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्यांचीं दारें बंद होतीं. बाराव्या वर्षीं तो गांवांत शाळा चालवूं लागला, आणि १७९३ सालीं मँचेस्टरला येऊन शिक्षकाचा व्यवसाय करीत तेथेंच आयुष्यभर राहिला. त्याचा खरा छंद हवामानाचा. १७८७ सालीं त्यानें हवेच्या दाबाची, उष्णतेची व पावसाची रोज नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि १८४४ सालीं मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत ती चालू ठेविली. या छंदांतूनच तो अणूकडे आला. हवेंत निरनिराळ्या वजनांचे वायु आहेत. मग तेल-पाण्याप्रमाणें त्यांचे थर कां होत नाहींत? निरनिराळे वायु पाण्यांत निरनिराळ्या प्रमाणांत कां विरघळतात? याचें कारण वायूंच्या अंतिम कणांच्या वजनांत असावें असें त्याला वाटलें, आणि तीं वजनें काढण्याच्या खटपटीला तो लागला. ६ सप्टेंबर १८०३ या तारखेखालीं त्याच्या वहींत अणूंच्या सापेक्ष वजनांचें पहिलें कोष्टक आढळतें. १८०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत वीस मूलद्रव्यांचीं वर्तुळाकार चिन्हें आणि त्यांचे अणुभार दिलेले आहेत.

त्याची उपपत्ति थोडक्यांत अशी : एका मूलद्रव्याचे सर्व अणु सारखे व सारख्याच वजनाचे, भिन्न मूलद्रव्यांचे अणु भिन्न वजनांचे, आणि संयोग म्हणजे या अणूंनीं ठराविक लहान संख्यांनीं एकमेकांशेजारीं येणें. अणूचा अर्धा तुकडा संयोगांत भाग घेत नाहीं. एवढें मान्य केलें कीं प्रूस्तचा नियम आपोआप निघतो. इतकेंच नव्हे, तर एक नवें भाकितहि निघतें. कर्ब व ऑक्सिजन यांचीं दोन संयुगें आहेत. तीन भाग कर्ब घेतला तर एका संयुगांत ऑक्सिजन चार भाग भरतो, आणि दुसऱ्यांत बरोबर आठ भाग. पांच नाहीं, साडेसहा नाहीं, दुप्पट! कर्बाच्या एका अणूशीं एके ठिकाणीं ऑक्सिजनचा एक अणु व दुसऱ्या ठिकाणीं दोन अणु जोडले आहेत असें समजतांच हा दुपटीचा चमत्कार उलगडतो. अदृश्य कणांची कल्पना प्रथमच तराजूच्या पारड्यांत उतरली ती येथें.

परंतु या सुंदर इमारतीचा एक खांब पोकळ होता, आणि डाल्टनला त्याची जाणीव होती. तराजू वजनांचें प्रमाण सांगतो, संख्या सांगत नाहीं. समजा, काळे मणि आणि सोन्याचे मणि असलेली एक पोत पिशवींत बंद आहे, आणि सोन्याच्या मण्यांचें एकूण वजन काळ्या मण्यांच्या एकूण वजनाच्या आठपट आहे एवढेंच आपल्याला कळलें. आतां सोन्याचा एक मणि काळ्या एका मण्याच्या किती पट जड? एका काळ्या मण्यामागें एक सोन्याचा असेल तर आठपट; दोन काळ्यांमागें एक सोन्याचा असेल तर सोळापट; आणि एका काळ्यामागें सोन्याचे दोन असतील तर चारपट. मणि मोजल्यावांचून वजन ठरत नाहीं, आणि वजन ठाऊक असल्यावांचून न पाहतां मणि मोजतां येत नाहींत. पाण्याची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. त्यांत वजनानें एक भाग हायड्रोजन व सुमारें आठ भाग ऑक्सिजन असतो. पण अणु किती?

या पेचांतून सुटण्यासाठीं डाल्टननें एक नियम गृहीत धरला : दोन मूलद्रव्यांचें एकच संयुग ठाऊक असेल तर, उलट पुरावा मिळेपर्यंत, त्यांत प्रत्येकाचा एकेक अणु आहे असें समजावें. त्याच्या काळीं हायड्रोजन व ऑक्सिजन यांचें पाणी हें एकच संयुग ठाऊक होतें. म्हणून पाणी म्हणजे एकास एक. त्याच्या मोजमापांतील चुकीमुळें ऑक्सिजनचा अणुभार १८०८ च्या ग्रंथांत आठाऐवजीं सात आला. पण ती चूक किरकोळ होती, आणि पुढील विश्लेषकांनीं ती लवकरच दुरुस्त केली. खरा दोष मोजमापांत नव्हता, मोजणींत होता. आणि तो कोणत्याहि तराजूनें सांपडण्यासारखा नव्हता. निसर्ग शक्य तितका साधाच असेल, या विश्वासावांचून डाल्टनला एक पाऊलहि टाकतां आलें नसतें. आणि त्याच विश्वासानें त्याला चुकीच्या वाटेवर नेलें.

त्याच १८०८ च्या अखेरीस पॅरिसमध्यें गे-ल्युसॅकनें एक निराळी मोजणी पुढें आणली. त्यानें वायूंचीं वजनें न घेतां आकारमानें मोजलीं, आणि त्याला असें आढळलें कीं वायूंचा संयोग नेहमीं साध्या पूर्णांकांत होतो. दोन मापें हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन मापें वाफ होते. एक माप नायट्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून नायट्रिक ऑक्साइड वायूचीं दोन मापें होतात. हा नियम डाल्टनच्या उपपत्तीला केवढा पोषक वाटावा! सारख्या मापांत सारखे कण असतात असें म्हटलें कीं मणि मोजण्याची युक्तीच हातीं आली. पण ही युक्ति डाल्टननें पूर्वींच मनाशीं तपासून टाकून दिली होती, आणि तिला नाकारण्याचें त्याचें कारण सबळ होतें. एका मापांत हजार कण आहेत असें समजा. नायट्रोजनचे हजार आणि ऑक्सिजनचे हजार कण मिळून नायट्रिक ऑक्साइडचे दोन हजार कण झाले. त्या प्रत्येकांत थोडा तरी ऑक्सिजन असलाच पाहिजे. म्हणजे हजार कण दोन हजारांत वांटले गेले, प्रत्येकाच्या वांट्याला अर्धा. अणूचे दोन तुकडे! ज्या उपपत्तीचा पहिला शब्द ‘अणु अखंड आहे’ असा, तिच्या जनकानें हें कसें मान्य करावें? त्यानें गे-ल्युसॅकच्या मोजमापांवरच अविश्वास दाखविला. मोजमापें बरोबर होतीं, हें आज आपल्याला ठाऊक आहे. परंतु तर्क डाल्टनच्याहि बाजूला होता.

दोन्ही बाजूंना खरें ठरविणारा मनुष्य इटलींत निघाला. आमेदेओ आव्होगाद्रो हा १७७६ सालीं ट्यूरिनमध्यें जन्मलेला सरदारघराण्यांतील गृहस्थ. शिक्षण कायद्याचें, व्यवसाय पुढें भौतिकशास्त्राच्या अध्यापनाचा. व्हेर्चेल्ली येथील विद्यालयांत शिकवीत असतां १८११ सालीं त्यानें एका फ्रेंच नियतकालिकांत निबंध लिहिला. त्यांतील विचार दोन वाक्यांत सांगतां येतो. सारख्या उष्णतेंत व सारख्या दाबाखालीं सर्व वायूंच्या सारख्या मापांत सारखेच कण असतात. परंतु हे सुटे फिरणारे कण म्हणजे अणु नव्हेत, अनेक अणूंचे ते गट आहेत, आणि मूलद्रव्यांचे कणहि असे गटच असूं शकतात. ऑक्सिजनचा कण दोन अणूंचा असेल तर तो दुभंगल्यानें अणु दुभंगत नाहीं. जोडी फुटते एवढेंच. मग पाण्यांत हायड्रोजन दोन व ऑक्सिजन एक हें ओघानेंच येतें, आणि ऑक्सिजनचा अणु हायड्रोजनच्या अणूच्या आठपट नसून सोळापट ठरतो.

येथें शब्दांचा प्रश्न क्षणभर विचारांत घेण्यासारखा आहे. डाल्टन एकच शब्द दोहोंसाठीं वापरीत असे; पाण्याच्या कणालाहि तो संयुक्त अणुच म्हणे. आपण मराठींत अणु व रेणु असा भेद करतों, आणि तो भेद म्हणजेच आव्होगाद्रोचा शोध होय. हिंदी ग्रंथांत मराठीच्या अणूला परमाणु व रेणूला अणु म्हणतात. त्यामुळें मराठी विद्यार्थ्यानें एखादें हिंदी पुस्तक उघडलें तर ‘अणु’ हा ओळखीचा शब्दच त्याला फसवितो. पण त्याला निदान दोन शब्द असतात हें ठाऊक असतें. १८११ सालच्या वाचकांजवळ वस्तु एकच होती व शब्दहि एकच. शिवाय आव्होगाद्रोनें दोहोंना विशेषणें लावून एकाच शब्दानें संबोधिलें होतें. त्यामुळें त्याचा मुद्दा कित्येकांच्या लक्षांतच आला नसल्यास आश्चर्य नाहीं.

तरी हा सगळा दोष शब्दांवर टाकतां येणार नाहीं. फ्रान्सचा अँपिअर १८१४ सालीं स्वतंत्र रीतीनें अशाच निर्णयाला येऊन पोंचला होता. त्याचेंहि कोणीं ऐकलें नाहीं. याचें कारण स्वीडनच्या बर्झेलियसच्या विद्युत्-सिद्धांतांत सांपडतें. पाण्यांतून वीज सोडली असतां हायड्रोजन ऋण टोंकाकडे व ऑक्सिजन धन टोंकाकडे जमतो. यावरून बर्झेलियसनें ठरविलें कीं, रासायनिक बंध म्हणजे विजातीय विद्युतांचें आकर्षण. ही कल्पना इतकी फलदायी ठरली कीं तिच्याविरुद्ध जाणारें कांहींहि विपरीत वाटूं लागलें. ऑक्सिजनचे दोन अणु एकाच जातीचे व एकाच विद्युताचे. ते एकमेकांना दूर लोटतील, बिलगतील कसे? आणि बिलगत असतील तर दोघांनींच कां थांबावें, सारा वायु गोळा होऊन कां बसूं नये? हे प्रश्न अडाण्याचे नव्हते. आव्होगाद्रोजवळ त्यांना उत्तर नव्हतें. त्याच्यानंतर शंभर वर्षें तें कोणाजवळच नव्हतें.

शिवाय प्रयोगानेंहि दगा दिल्यासारखें झालें. १८२६ सालापासून द्यूमा या फ्रेंच रसायनज्ञानें पदार्थांच्या वाफेची घनता काढण्याची उत्तम रीत बसविली, आणि मूलद्रव्यांच्या रेणूंत सर्वत्र दोनच अणु असतात असें धरून अणुभार काढूं लागला. पाऱ्याचा अणुभार अपेक्षेच्या निम्मा आला, फॉस्फरसचा दुप्पट आला, गंधकाचा तिप्पट आला. एकाच किल्लीनें चार कुलुपें उघडेनात, तेव्हां किल्लीच खोटी असें ठरलें. १८३६ सालच्या आपल्या व्याख्यानांत द्यूमानें येथपर्यंत म्हटलें कीं, आपल्या हातीं असतें तर अणु हा शब्दच आपण शास्त्रांतून पुसून टाकला असता.

यापुढील वीस-पंचवीस वर्षें म्हणजे रसायनशास्त्रांतील अराजकाचा काळ. पुष्कळांनीं अणूंची भाषाच सोडली आणि केवळ संयोगाच्या वजनांवर भिस्त ठेविली. त्यांच्या लेखीं हायड्रोजन १, कर्ब ६, ऑक्सिजन ८, आणि पाणी पुन्हां डाल्टनप्रमाणें एकास एक. बर्झेलियसचे अनुयायी पाण्यांत हायड्रोजन दोन धरीत. जेरार व लोराँ हे फ्रेंच रसायनज्ञ तिसऱ्याच पद्धतीनें सुधारणा सुचवीत होते. डाल्टन १८४४ सालीं वारला तेव्हां मँचेस्टरमध्यें हजारों लोकांनीं रांगा लावून त्याचें अंत्यदर्शन घेतलें. परंतु ज्या अणुभारांसाठीं त्याची कीर्ति, त्यांतील एकाहि वादग्रस्त आंकड्यावर शास्त्रज्ञांचें एकमत नव्हतें. आव्होगाद्रो १८५६ सालीं वारला. आपला विचार मान्य झालेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. गोंधळ किती माजला होता याचें एकच उदाहरण पुरे. १८६१ सालीं केकुलेनें आपल्या पाठ्यपुस्तकांत, शिरक्याला आंबटपणा देणाऱ्या ॲसेटिक आम्लासाठीं प्रचारांत असलेलीं एकोणीस निरनिराळीं सूत्रें छापून दाखविलीं. पदार्थ एक आणि नांवें एकोणीस, अशा स्थितींत एकाचा प्रयोग दुसऱ्यानें वाचून त्याला काय कळावें?

या अराजकांत ज्यानें व्यवस्था आणली त्यानें नवा पदार्थ शोधला नाहीं, नवें यंत्र बनविलें नाहीं, आणि नवी कल्पनाहि मांडली नाहीं. स्तानिस्लाओ कॅनिझारो हा १८२६ सालीं सिसिलींतील पालेर्मो येथें जन्मला. १८४८ सालच्या सिसिलीच्या बंडांत त्यानें भाग घेतला. तें मोडल्यावर परागंदा होऊन तो पॅरिसला गेला. पुढें तो उत्तर इटलींत प्रथम आलेस्सांद्रिया व मग जेनोवा येथें प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राचीं मूलतत्त्वें आपण कोणत्या क्रमानें शिकवितों, हें सांगणारें एक पत्र त्यानें १८५८ च्या मार्चमध्यें पिसा येथील आपल्या एका सहव्यवसायी मित्राला लिहिलें, आणि तें एका इटालियन नियतकालिकांत छापलें गेलें. युरोपांतील मोठमोठ्या पंडितांना जें जमलें नव्हतें, तें वर्गांत समजावून सांगण्याच्या गरजेनें एका शिक्षकाला जमलें.

त्याची रीत इतकी सरळ आहे कीं ती येथें सांगण्यास हरकत नाहीं. आव्होगाद्रोचें म्हणणें क्षणभर खरें मानूं. हायड्रोजन वायूचें एक माप आणि त्याच मापाचा हायड्रोक्लोरिक आम्लवायु घेतला, तर दुसऱ्यांतील हायड्रोजन पहिल्याच्या निम्मा भरतो. म्हणजे हायड्रोजनच्या रेणूचे निदान दोन सारखे भाग होतात. म्हणून त्या रेणूचें वजन २ धरूं. आतां कोणत्याहि वायूची किंवा वाफेची घनता हायड्रोजनशीं ताडून पाहिली कीं तिच्या रेणूचें वजन मिळतें. नंतर त्या रेणूंत अमुक मूलद्रव्य किती वजनाचें आहे हें पृथक्करणानें काढावें. ऑक्सिजनचीं संयुगें घ्या. पाण्याचा रेणु १८, त्यांत ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइडचा रेणु २८, त्यांत ऑक्सिजन १६. कार्बन डायॉक्साइडचा ४४, त्यांत ३२. खुद्द ऑक्सिजन वायूचा ३२. कोठेंहि ८ येत नाहीं, कोठेंहि २४ येत नाहीं. नेहमीं १६ किंवा त्याची पट. कर्बाचीं संयुगें घ्या. मिथेनचा रेणु १६, त्यांत कर्ब १२. एथिलीनचा २८, त्यांत २४. ईथरचा ७४, त्यांत ४८. नेहमीं १२ ची पट. ६ किंवा १८ कधींच नाहीं. या समान विभाजकालाच अणुभार म्हणावें, कारण यापेक्षां लहान वांटा निसर्ग कोणालाच देत नाहीं. उद्यां एखाद्या संयुगाच्या रेणूंत सहा भागच कर्ब आढळला, तर आपला आंकडा बदलावा लागेल. पण संयुगें तपासावीं तितकी ती शक्यता कमी होत जाते.

द्यूमाला अडविणाऱ्या पाऱ्याचें काय? कॅनिझारोनें सांगितलें कीं, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेणूंत दोनच अणु असले पाहिजेत असा नियम कोणीं घातला? पाऱ्याच्या वाफेचा रेणु एकाच अणूचा, फॉस्फरसचा चारांचा, आणि त्या प्रयोगांतील उष्णतेला गंधकाचा सहांचा असतो. एवढें मानलें कीं निम्मे, दुप्पट, तिप्पट सगळे आंकडे जागच्या जागीं बसतात. शिवाय १८१९ सालीं द्यूलाँ व पती यांनीं घन मूलद्रव्यांच्या उष्णताधारणेवरून अणुभार ताडण्याची एक अगदीं निराळी वाट दाखविली होती. तिनें जाऊनहि पाऱ्यासारख्या धातूंचे तेच आंकडे येत. दोन अनोळखी साक्षीदारांची जबानी अशी जुळली म्हणजे खटल्याचा रंगच बदलतो.

३ ते ५ सप्टेंबर १८६० या तीन दिवसांत जर्मनींतील कार्ल्सरूहे येथें निरनिराळ्या देशांतील सव्वाशेंहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. केकुले, व्हुर्ट्झ व व्हेल्टसीन यांनीं ही परिषद् बोलाविली होती, आणि तिचा हेतु सूत्रांच्या गोंधळांतून वाट काढण्याचा होता. कॅनिझारोनें तेथें आपली बाजू जोरानें मांडली. परंतु परिषदेनें निर्णय केला नाहीं. शास्त्रांतील मतें बहुमतानें कोणावर लादतां येत नाहींत असा तिचा सूर पडला, आणि तो योग्यच होता. मंडळी पांगूं लागली तेव्हां पावेसी या इटालियन मित्रानें कॅनिझारोच्या १८५८ च्या पत्राच्या छापील प्रती वांटल्या. त्यांतील एक जर्मनीच्या लोथार मायरनें परतीच्या वाटेवर वाचली, घरीं पुन्हां वाचली, आणि डोळ्यांवरील पडदा दूर झाल्यासारखें वाटल्याचें त्यानें पुढें नमूद करून ठेविलें. रशियाचा सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हहि त्या परिषदेंत हजर होता. नऊ वर्षांनीं, १८६९ सालीं, त्यानें मूलद्रव्यें अणुभारांच्या क्रमानें मांडून आवर्त-कोष्टक तयार केलें. कर्ब ६ कीं १२, ऑक्सिजन ८ कीं १६, हें ठरलेलें नसतें तर तो क्रम लागलाच नसता. पाण्याच्या सूत्रांतील त्या एका आंकड्यावर पुढील रसायनशास्त्राची किती मदार होती, हें यावरून दिसून येईल.

आतां आरंभींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं : आव्होगाद्रोचा विचार अखेर कशाच्या बळावर मान्य झाला? बर्झेलियसच्या आक्षेपाला उत्तर सांपडलें म्हणून खचित नव्हे. सारखेच दोन अणु एकमेकांना कां धरून राहतात हें कोडें १८६० सालीं जसेंच्या तसें उभें होतें. त्याचा उलगडा व्हावयाला इलेक्ट्रॉनचा शोध लागावा लागला. दोन अणु इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात ही कल्पना लुइसनें १९१६ सालीं मांडली, आणि हायड्रोजनच्या रेणूचें गणित हाइटलर व लंडन यांनीं १९२७ सालीं नव्या पुंजयामिकीनें करून दाखविलें. म्हणजे ज्या शंकेनें आव्होगाद्रोला परतवून लाविलें, ती शंका मिटण्यापूर्वीं सदुसष्ट वर्षें रसायनशास्त्रानें त्याचा विचार स्वीकारला होता. तो स्वीकारला, कारण त्याच्या योगानें हिशेब जुळत होता. एका संयुगाचा नव्हे, शेंकडों संयुगांचा, आणि एका वाटेनें नव्हे, अनेक वाटांनीं. ‘कसें’ याचें उत्तर मिळालें नसतांहि ‘किती’ याचें उत्तर निःसंशय असूं शकतें, हा धडा त्या पिढीनें कष्टानें शिकला.

हिशेब जुळला तरी वस्तु खरी आहे कीं ती सोयीची कल्पना, ही शंका पुढेंहि उरली. ऑस्टवाल्ड व माख यांच्यासारखे विचारी पुरुष विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अणूला केवळ मनाचें साधन मानीत. १९०५ सालीं आइन्स्टाइननें पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड चळवळीचें गणित मांडलें, आणि पेराँनें १९०८ पासून ती चळवळ सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून रेणूंची संख्या काढली. तेव्हां १९०९ सालीं ऑस्टवाल्डनेंहि आपला विरोध मागें घेतला. त्या संख्येला पेराँनें आव्होगाद्रोचें नांव दिलें. २० मे २०१९ पासून ती संख्या, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, ही आंतरराष्ट्रीय मापनपद्धतींत कायमची निश्चित करण्यांत आली आहे.

डाल्टनच्या मूळ विधानांपैकीं आज अक्षरशः खरें असें थोडेंच उरलें आहे. अणु अखंड नाहीं, हें १८९७ सालच्या इलेक्ट्रॉनच्या शोधानें उघड झालें. एका मूलद्रव्याचे सर्व अणु सारख्या वजनाचे नसतात, हें १९१३ सालीं सॉडीनें मांडलेल्या समस्थानिकांच्या कल्पनेनें ठरलें. पाणी एकास एक नाहीं, हें तर आपण पाहिलेंच. तरीहि ही सारी दुरुस्ती ज्या प्रश्नाच्या उत्तराची दुरुस्ती होय, तो प्रश्न त्याचाच आहे : एका अणूचें वजन दुसऱ्याच्या किती पट? मँचेस्टरच्या त्या शिक्षकानें १८०३ सालीं आपल्या वहींत हा प्रश्न आंकड्यांत लिहिला. पुढें त्यांतील कित्येक आंकडे खोडावे लागले. पण ते कोणते खोडावे व त्यांच्या जागीं काय लिहावें, याचा निवाडा करतां आला, कारण त्यानें पहिल्यानें कांहीं तरी लिहून ठेविलें होतें.